पाखराचा सातवा खर्डा

जऊळका, ता. मालेगाव
२० नोव्हेंबर २०२४

चि. धम्मदीपा हिस,
जयभीम आणि आशीर्वाद.

एक अत्यंत गंभीर तक्रार नोंदवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. तुझं पाखरू हसतं.

मेलवर आलेलं चित्र मी मालेगावच्या झेरॉक्सवाल्याकडून जाड कागदावर छापून आणलं, टेबलावर ठेवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. हसतंच. ओठांचे दोन्ही कोपरे वर गेलेले आहेत. रेशमाच्या अळीचं जे पाखरू होतं, त्याला प्रसेनजितच्या सांगण्याप्रमाणे खाण्याजोगं तोंडच नसतं. कोषातून बाहेर पडल्यावर ते थोडे दिवस जगतं, अंडी घालतं आणि अन्नाचा कण न घेता संपतं. अशा प्राण्याने हसावं कशाला, आणि हसावं तरी कशाने? निमित्त नसताना हसणाऱ्या विद्यार्थ्याला मी सव्वीस वर्षांच्या नोकरीत नेहमी वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. हे पाखरूही तूर्त बाहेर उभं आहे.

दुसरं म्हणजे पंख. तू पोपटी रंगाचे, खाली लांब शेपट्या सोडलेले पंख काढलेस. लग्नपत्रिकेवर शोभतील. आपलं पाखरू पांढरं, जाडजूड आणि केसाळ असतं, आणि त्याला उडता येत नाही. पंगतीतून उठलेल्या व्याह्यासारखं ते जागच्या जागी हालचाल करतं, एवढंच. (शुद्ध भाषेत याला पतंग म्हणायला हवं. पण आमच्या रेशीम गटात पतंग म्हटलं की लालसिंग मांजा कुठं आहे म्हणून विचारतो. म्हणून पाखरू.)

काम कुणाचं आहे ते तुला फोनवर घाईत सांगितलं होतं, आता नीट सांगतो. आपल्या गावच्या अकरा शेतकऱ्यांचा तुती-रेशीम गट आहे. आजवर ते नुसते कोष विकत. आता त्यांनी धागा काढायचं यंत्र आणलं आहे. रविवारी, १२ जानेवारीला त्याचं उद्‌घाटन. शेडवर बोर्ड लागायचा, सुताच्या डब्यांवर चिन्ह छापायचं, शिक्का करायचा. प्रसेनजित गटाचा सचिव, आणि चिन्ह आणायचं त्याने सगळ्यांसमोर अंगावर घेतलेलं.

हा माझा मुलगा माझ्याशी बोलत नाही हे तुला ठाऊकच आहे. सव्वा वर्ष झालं. मधे तुझी मोठीआई भागिरथा दुभाषाचं काम करते. "त्याले जेवायले बोलवा", "त्यायले सांग मी जेवलो", असा व्यवहार. पण तुला फोन केला त्या दिवशी तो आपण होऊन ओसरीवर आला, माझ्यासमोर बसला आणि म्हणाला, "बाबा, दीपाताईले एक चित्र मागा ना. तुमी लिहाल तं ते नाही मननार नाही." मी पेपर वाचत होतो. त्यानंतर बराच वेळ मी एकच बातमी वाचत होतो.

तेव्हा काम नीट व्हायला हवं. पहिल्या खर्ड्याला दहापैकी साडेचार. तांबड्या शाईने दुरुस्त केलेला कागद सोबत आहे. चित्रं मेलवर पाठव, पण उत्तर टपालाने दे. फोनवर बोलायचं म्हटलं की भागिरथा शेजारी बसून माझ्याआधी उत्तरं देते.

तुझा मोठेबाबा,
देवमन

---

पुणे
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,
सविनय जयभीम.

साडेचार! होस्टेलवरून मी लिहिलेली पत्रं तुम्ही तांबड्या शाईने सुधारून परत पाठवत होतात, तेव्हाही मला पाचाच्या खाली कधी मिळाले नव्हते.

पण चूक माझीच. इंटरनेटवर शोधलं, सगळ्यात देखणं जे दिसलं ते काढलं. ते कुठल्यातरी परदेशी जंगलातलं निघालं. हसू मात्र मी मुद्दाम घातलं होतं. आमच्या पॅकिंगच्या कंपनीत बिस्किटापासून साबणापर्यंत सगळं हसतं. सवय लागली.

दुसरा खर्डा मेलवर पाठवला आहे. पांढरं, जाडजूड, केसाळ पाखरू कोषावर बसलेलं. तोंड नाही. कोष एकाच रेघेच्या वेढ्यांनी काढलाय आणि त्या रेघेचं टोक खाली मोकळं सोडलंय, म्हणजे धागा निघतोय असं दिसतं. एकाच रंगात आहे, शिक्क्यालाही चालेल.

हे चित्र मी व्हेक्टरमध्ये काढते, ते कसं ते सांगते, म्हणजे पुढे दया दाखवाल. इथे रंगवायचं नसतं. पडद्यावर एकेक बिंदू रोवायचा, दोन बिंदूंमधे रेघ ताणायची. प्रत्येक बिंदूला दोन दांड्या असतात, त्या ओढल्या की रेघेला बाक येतो. फायदा असा की काडेपेटीवर छापा नाहीतर शेडच्या कपाळावर, कड फाटत नाही. तोटा असा की कुणी "पंख जरासा बारीक करा" म्हणालं की मला त्या पंखाचे अठरा बिंदू हलवायला लागतात, आणि मग पलीकडच्या पंखाचे अठरा.

गटाला दाखवा. होकार आला की बोर्डाची, डब्याची आणि शिक्क्याची अशा तीन फाइली करून देते. एका संध्याकाळचं काम आहे.

आता लहान तोंडी मोठा घास. "बोलत नाही हे तुला ठाऊकच आहे" एवढं लिहून तुम्ही पुढे निघून गेलात. मला ठाऊक आहे, कारण मी तिथे उभी होते. गेल्या वर्षीची पंधरा ऑगस्टची सुट्टी होती. रोग आत जाऊ नये म्हणून सगळ्यांनी शेडबाहेर चपला काढलेल्या. प्रसेनजित पहिल्यांदाच उकळत्या पाण्यात कोष टाकून धागा कसा सुटतो ते गटाला दाखवत होता. धाग्याचं टोक दोनदा निसटलं त्याच्या हातून. आणि तुम्ही दारातून म्हणालात, "काय रे, जीव न मारण्याचं पहिलं शील चपलांबरोबर बाहेरच काढून ठेवलंस का?" सगळे हसले. मीसुद्धा हसले. त्याने पाण्यातले कोष तसेच सोडले आणि गॅस बंद केला.

रागावू नका. साडेचारापेक्षा कमी गुण देऊ नका.

तुमची,
दीपा

---

जऊळका
५ डिसेंबर २०२४

चि. दीपा हिस,
अनेक आशीर्वाद.

दुसरा खर्डा पोचला. व्यक्तिशः मला आवडला. सात गुण. पण गट म्हणजे गट, आणि तिथे माझ्या सात गुणांना कोण विचारतं?

गटातल्या रामरावांनी कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि म्हणाले, "मास्तर, हे तं बोंडअळीचं पाखरू दिसून राह्यलं. बोर्ड पाहून लोक फवारनीचा पंप घेऊन येतीन." त्यांचंही चूक म्हणता येत नाही. ज्या माणसाने चाळीस वर्षं कपाशीवर अळीशी झुंज दिली, त्याला आज तिचीच मावसबहीण दारावर लावायला सांगायची म्हणजे अवघड आहे. हेमलाबाईंचं म्हणणं, मिशा कंगव्यासारख्या दिसतात. लालसिंगला डोळे आवडले नाहीत, का ते त्यालाही सांगता आलं नाही.

तेव्हा पाखरू काढून टाक. तुतीच्या पानावर अळी बसव. अळी हीच मुळात काम करते. पाखरू होण्याची वेळ येण्याआधीच बिचारीचा कोष उकळतो, मग पाखराला मान कशासाठी? हा मुद्दा माझा नव्हे, चर्चेत आला.

प्रसेनजित रोज संध्याकाळी येतो. "काय मनते दीपाताई?" असं विचारतो आणि बसतो. आम्ही कागद मधे ठेवतो. अळीला शिंग कुठल्या बाजूला असतं, पाय किती, हे मला त्याच्याकडून समजून घ्यावं लागतं, नाहीतर तुला काय लिहिणार? काल तो सांगत होता की अळी चार वेळा कात टाकते. कातीला बसली की डोकं वर करून अगदी निश्चल राहते. त्या वेळी पाला टाकायचा नाही, ट्रे हलवायचा नाही, शेडमधे मोठ्याने बोलायचं नाही. मी म्हणालो, आमच्या शाळेत दहावी ब अशीच बसते, आणि तिला कुणी पालाही टाकत नाही. तो हसला. दीपा, चांगला मोठ्याने हसला. भागिरथा स्वयंपाकघरातून बघायला आली.

असो. अळी पाठव. पानाला दाते हवेत, मागच्या वेळी तुझ्या पाखराला होते तसे नकोत.

देवमन

---

पुणे
१२ डिसेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,
जयभीम.

मागच्या पाखराला दाते नव्हते. तोंडच नव्हतं. तुम्हीच काढायला लावलंत.

तिसरा खर्डा सोमवारी पाठवला. अळी पानावर. मंगळवारी तुमचा मेल आला, त्यात एकच ओळ: "अळी झोपलेली वाटते, उठव." बुधवारी चौथा पाठवला. डोकं वर केलं. आज तुमचा मेल: "आता कातीला बसल्यासारखी वाटते." मोठेबाबा, अळीला सोळा पाय आहेत. पुढचे सहा टोकदार, मागचे दहा गुबगुबीत. मी सगळे मोजून, वेगवेगळे काढले. डोकं वर केलं की पहिले सहा हवेत येतात, मग पोटाची रेघ बदलते, मग पान खाली सरकतं. तुमची एक ओळ म्हणजे माझी एक संध्याकाळ.

माझी विनंती आहे, ही तुम्ही अर्ज समजा. गटाने एकदाच बसावं, एकदाच ठरवावं आणि अकरा जणांच्या सह्यांनिशी एकदाच कळवावं. मालेगावच्या रवी पेंटरला बोर्ड रंगवायला चार दिवस लागतात, हे त्याने मला फोनवर सांगितलंय. डबे छापायला आठवडा. बारा तारीख काही मागे सरकणार नाही.

रामरावकाकांना सांगा, त्यांनी नापास केलेलं पाखरू मला अजून आठवतं आणि ते गोड होतं.

दीपा

---

जऊळका
१९ डिसेंबर २०२४

चि. दीपा हिस,
आशीर्वाद.

सह्यांचं म्हणशील तर आपल्या गटाला सही करायला सांगितली की आधी कर्जाचा कागद वाटतो, म्हणून तो मार्ग सोडून दे. तोंडी निर्णय कळवतो.

अळी नको. रामराव म्हणाले, "सद्या हरबऱ्यावर घाटेअळी पडली. दिवसभर तिलेच पाहतो, आता शेडवर बी तेच पाहू काय?" हेमलाबाई म्हणाल्या की पान तुतीचं नसून खायच्या विड्याचं वाटतं, लोक सुपारी मागतील. लालसिंगचे सोळा पाय मोजून पंधराच झाले. मी त्याला पुन्हा मोजायला सांगितलं, तेव्हा सतरा झाले.

तर नुसता कोष घे. त्यात अर्धवट दिसणारं पाखरू. बाहेर येतं आहे की आत जातं आहे ते बघणाऱ्याने ठरवावं. पाचवा खर्डा म्हणून हे कर, आणि त्यातच कोष आडवा करून सहावाही करून ठेव, म्हणजे वेळ वाचेल.

संस्कृतात या किड्याला कोशकार म्हणतात. शब्दकोश करणाऱ्या पंडितालाही कोशकारच म्हणतात. दोघेही आयुष्यभर स्वतःभोवती गुंडाळत बसतात, पैकी एकाचं लोकांच्या उपयोगी पडतं. हे मी प्रसेनजितला सांगितलं. तो म्हणाला, "मंग बाबा, तुमी कोनते?" मी चष्मा पुसायला घेतला. तो म्हणाला, "राहू द्या, उद्या सांगा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच विचारलं!

एका कोषातून हजार मीटरच्या आसपास धागा निघतो, सलग, न तुटता. हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. मी दीड वर्ष त्या शेडसमोरून मोटरसायकलने शाळेत जातो. तो म्हणाला, आपल्या ओसरीवरून धरलं तर स्टेशनपर्यंत जाईल. मग स्टेशनपर्यंत नक्की किती ते मोजायचं म्हणून आम्ही दोघे पायी गेलो. त्याने मोबाइलवर मोजलं. थोडा कमी पडला धागा. परत येताना तो त्याच्या अळ्यांच्या नवीन लॉटबद्दल, म्हणजे नव्या खेपेबद्दल, बोलत होता. पहिल्या लॉटच्या वेळी शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने तुतीवर आली होती आणि चार दिवसांत सगळ्या अळ्या गेल्या, हे त्याने मला आत्ता सांगितलं. तेव्हा सांगितलं नव्हतं.

त्याने दोन कप चहा घेतला.

पाचवा आणि सहावा लवकर पाठव. घाई नाही, पण लवकर.

देवमन

---

पुणे
२८ डिसेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,

"घाई नाही, पण लवकर." हे वाक्य मी ऑफिसमधे भिंतीवर लावलंय. सगळ्यांना आवडलं. माझ्याशिवाय.

पाचवा पाठवला: तुमचं उत्तर, "पाखरू अडकल्यासारखं वाटतं." सहावा पाठवला: "कोष भुईमुगाच्या शेंगेसारखा." मोठेबाबा, रेशमाचा कोष भुईमुगाच्या शेंगेसारखाच असतो! प्रसेनजितने फोटो पाठवले, ते समोर ठेवून मी रेघ ओढली. मी निसर्ग दुरुस्त करू शकत नाही. त्याला तुमची तांबडी शाई पाठवा.

माझ्या मशीनवर आता एक फोल्डर आहे, त्याचं नाव "मोठेबाबा". त्यात एकोणचाळीस फाइली आहेत. "पाखरू अंतिम", "पाखरू अंतिम खरंच", "पाखरू आता तरी". वर्षअखेरीचं ऑफिसचं काम संपवून रोज घरी आले की मी तुमच्या अळीचे पाय ओढत बसते. कंपनीतली सुकेशनी म्हणाली, "अगं, एवढे बदल तर आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकानेही सांगितले नव्हते." मी म्हटलं, हे गिऱ्हाईक नाही, हे माझे मोठेबाबा आहेत, थोरले काका. ती म्हणाली, मग कठीण आहे.

एक गोष्ट मात्र मनात येते. रामरावकाका इतकं बोलतात कधीपासून? माझ्या आठवणीत ते दिवसभरात एकदा "हाव" म्हणतात आणि दुसऱ्यांदा "नाही". बोंडअळी, फवारणीचा पंप, घाटेअळी... इतकी वाक्यं त्यांनी एका महिन्यात बोलली असतील तर त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं.

सहावा खर्डा हा शेवटचा. त्यावर किंवा आधीच्या पाचांपैकी कशावरही बोट ठेवा.

दीपा

---

जऊळका
२ जानेवारी २०२५

चि. दीपा,
नवीन वर्षाचे आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे, त्याला आठ गुण.

रामराव अलीकडे बोलके झाले आहेत. वयाचा परिणाम असावा.

सातवा खर्डा एवढाच कर: धाग्याचं टोक उजवीकडे आहे ते डावीकडे घे. शेडचं दार डावीकडे आहे, धागा दाराकडे जाताना दिसला तर बरं, असं सर्वानुमते ठरलं. फक्त एवढंच. बिंदू फार हलवावे लागणार नाहीत असा माझा अंदाज आहे. तू म्हणतेस त्या दांड्या ओढल्या की झालं.

प्रसेनजितला सांगितलं आहे की दीपाला वेळ नाही, अजून चार-पाच दिवस लागतील. तेव्हा तू फार धावपळ करू नकोस.

देवमन

---

पुणे
५ जानेवारी २०२५

मोठेबाबा,

आज सकाळी मी रामरावकाकांना फोन केला. धागा डावीकडे किती हवा, एवढंच विचारायला. ते म्हणाले, "कोनता धागा पोरी? आमी तं ते पांढरं पाखरू नवंबरातच हाव मनलं. साऱ्यायनं मनलं. तूच फाइल देऊन नाही राह्यली मने. तुले टाइम नाही मने."

मी फोन ठेवला आणि तुमची सगळी पत्रं पुन्हा काढून वाचली.

म्हणजे मला सांगायचं गट नाही म्हणतो, आणि गटाला सांगायचं दीपाला वेळ नाही. बोंडअळी रामरावकाकांची नव्हती, तुमची होती. कंगवाही तुमचा, सुपारीही तुमची. वाक्यं चांगली आहेत. मी ती ऑफिसमधे सगळ्यांना वाचून दाखवली होती. आता मला त्यांची लाज वाटते.

तुम्हाला माहीत आहे का, गटाच्या गेल्या बैठकीत तुमच्यातला सेवादास सगळ्यांसमोर प्रसेनजितला काय म्हणाला? रामरावकाकांनीच सांगितलं. "सचिवभाऊ, तुमच्यानं एक चित्र नाही आनल्या जात, सूत कोनाले इकसान?" सव्वा वर्षापूर्वी शेडच्या दारात एकदा, आणि आता महिनाभर दुरून. हेही तुम्हीच केलंत.

दुसऱ्या खर्ड्याच्या तिन्ही फाइली मी आज दुपारी थेट प्रसेनजितला पाठवल्या. धाग्याचं टोक उजवीकडेच आहे. सातवा खर्डा मी काढणार नाही.

तुम्ही मला खोटं लिहिलंत. आजवर कधी लिहिलं नव्हतं. का केलंत, एवढं सांगा. आणि कृपा करून ते हसवून सांगू नका.

दीपा

---

(प्रसेनजितचा धम्मदीपाला व्हॉट्सअॅपवर निरोप, ६ जानेवारी)

ताई जयभीम. फाइली भेटल्या. रवी पेंटर उद्या सकाळपासून बसते. दहा तारखेले बोर्ड देतो मनला. पाखरू मस्त हाये. डब्याचं छापनं आता नाही होत, त्यावर शिक्का मारू.

तू बाबावर लय भडकली असशील. एक सांगतो. मले माहीत होतं. रामरावकाका अन् मी रोज सकाळी संगं पाला तोडतो. बाबा मनत काकाले पाखरू खटकते, पन त्यायनं पाखराचं एकदा बी नाव नाही काढलं. तिसरा कागद आला तवाच समजलं.

मी काही बोललो नाही. शेडवरून आलो की बाबा कागद घेऊन बसून राहत. मी बाजूले बसो. दहा मिनिटाचं काम, दीड तास लागे. स्टेशनावर पायी गेलो त्या दिवशी ते मले मनले, तुया हाताले काय झालं रे. गरम पान्याचे डाग हायेत, जुने. त्यायनं आता पाह्यले.

सेवादास बोलला ते बोलला. मी बी थांबवू शकलो असतो, नाही थांबवलं. मनून तू त्यायले एकट्याले नको बोलू.

पन मले माहीत होतं हे बाबाले सांगू नको. सांगशील तं ते त्याच्यावर काहीतरी असं झकास बोलतीन की आमी दोघं हसून देऊ, अन् मंग संपलं.

बाराले ये जमलं तं.

---

जऊळका
१० जानेवारी २०२५

चि. दीपा,

तुझं पत्र काल मिळालं. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

होय. रामराव काही म्हणाले नव्हते. हेमलाबाईंना पाखरू इतकं आवडलं की त्यांनी ते ब्लाउजवर भरतकामाला मागितलं. लालसिंगने पाय मोजले नाहीत. दुसरा खर्डा आला त्याच दिवशी पास झाला. प्रसेनजितने मला येऊन सांगितलं, "झालं बाबा, सगळ्यायले पटलं, ताईले कळवा," आणि तो उठायला लागला. मी म्हणालो, "थांब, मिशा जरा कंगव्यासारख्या वाटतात का?" तो परत बसला. तिथून हे सुरू झालं.

सेवादास काय बोलला ते मला माहीत नव्हतं. हे सबब म्हणून सांगत नाही. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणणं बरोबर ठरेल. तुझं पत्र वाचून काल संध्याकाळी शेडवर गेलो. गट बसला होता, रविवारच्या तयारीत. मी सांगितलं की उशीर प्रसेनजितमुळे झाला नाही आणि तुझ्यामुळेही नाही. गटाचा होकार मी तुला कळवलाच नाही, आणि गटाला तुझ्या नावाने खोटं सांगितलं. सेवादास म्हणाला, "काहून जी, मास्तर?" रामराव म्हणाले, "जाऊ दे ना, आलं ना पाखरू." प्रसेनजित पलीकडे ट्रेमधे पाला टाकत होता. त्याने ऐकलं असणार. तो टाकतच राहिला. पुरेसा झाला होता, तरी टाकत होता. मी घरी आलो. त्यानंतर तो ओसरीवर आला नाही. काल नाही, आज नाही. भागिरथा म्हणते, काम आहे, रविवार जवळ आला. असेल.

तू का म्हणून विचारलं आहेस. हसवून सांगू नका म्हणालीस, म्हणून हे पत्र तीनदा लिहिलं. पहिली दोन बरी होती.

त्या दिवशी शेडच्या दारात ते वाक्य मला सुचलं, तेव्हा मला ते फार आवडलं होतं. शाळेत जातानाही मी ते मनाशी घोळवत होतो. तो बोलायचा थांबला आहे हे माझ्या लक्षात यायला आठ दिवस लागले. त्यानंतर त्याची माफी मागण्यासाठीही मी चांगलंच वाक्य शोधत राहिलो. सव्वा वर्ष. साधं वाक्य माझ्याकडे नव्हतं. जीव मारण्याबद्दलचं माझं मत अजून तेच आहे. ते त्याला एकट्याला, गट समोर नसताना सांगता आलं असतं. कदाचित त्यालाही तीच टोचणी असेल, मी विचारलं नाही.

या महिनाभरात मला कळलं की कागद मधे असला तर मी त्याच्याशी बोलू शकतो. मिशा, शिंग, पाय, धागा. तो सांगतो आणि मी ऐकतो. मला एवढं ऐकता येतं हे मला माहीत नव्हतं. पण कागद नसला तर काय बोलायचं ते मला येत नाही. मुलांना मी सव्वीस वर्षं शिकवतो आहे. घरच्या मुलाला आज दिवस कसा गेला हे कसं विचारतात, ते येत नाही.

आज सकाळी बोर्ड आला. फार छान दिसतो. कड कुठे फाटलेली नाही. तुझी मेहनत मी फुकट घालवली आणि तुझं नाव खराब केलं, त्याबद्दल माफ कर.

रविवारी उद्‌घाटन होईल, आणि चिन्हाचं काम संपलेलं असेल. सोमवारपासून प्रसेनजितला माझ्याजवळ येऊन बसण्याचं काही कारण उरणार नाही. मी त्याला बोलवायला हवं आणि मला ते जमणार नाही, अशी मला भीती वाटते.

मोठेबाबा